गिरगाव ते लालबाग : हौशी छायाचित्रणाचा आढावा

पोटापाण्यासाठी नव्हे, तर आवडीखातर केलेले छायाचित्रण म्हणजे हौशी छायाचित्रण. मुंबईत या छंदाला सुमारे एकशे सत्तर वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा फोर्ट, गिरगाव, दादर, परळ, लालबाग या जुन्या पट्ट्यात घडला. या काळात कॅमेरा हलका, स्वस्त आणि शेवटी खिशात मावेल इतका लहान झाला. छंदातली अडचण मात्र नाहीशी झाली नाही, फक्त तिची जागा बदलली. आधी ती रसायनांत होती, पुढे पैशांत, आणि आज ती निवडीत आहे. काय टिपायचे, काय सोडायचे आणि काय जपायचे, हे ठरवण्यातच आता हौशी माणसाचा कस लागतो.

काच, रसायने आणि सोसायटी

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरोटाइपची पद्धत जाहीर झाली. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १८५४ मध्ये, ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. ती भारतातली अशी पहिली संस्था मानली जाते. तिच्या सभासदांत इंग्रज अधिकारी आणि व्यापारी जास्त असले, तरी डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही होते. दोघांचा पेशा वैद्यकाचा होता. त्यामुळे मुंबईच्या पहिल्या मराठी हौशी छायाचित्रकारांत डॉक्टरांचे नाव येते. भाऊ दाजींचे नाव आज भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला आहे. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि तिथे शिकलेले हरिचंद्र चिंतामण पुढे शहरातले नामांकित व्यावसायिक बनले. त्याच सुमारास विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ ही मालिका काढली. ‘हौशी’ हा शब्द त्या काळी मिरवण्याचा होता, हे तिच्या नावावरूनच दिसते.

हौस मात्र सोपी नव्हती. १८५१ नंतर रुळलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत काचेवर चिकट द्रावण पसरायचे, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच धुवायची. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे. मुंबईच्या उन्हाळ्यात काच लवकर वाळे, म्हणून तेवढीही सवड मिळत नसे. बाहेर फोटो काढायचा तर काळोखा तंबू, बाटल्या, पाणी आणि हमाल बरोबर घ्यावे लागत. १८७० च्या दशकात कोरड्या काचा आल्यावर तंबूची गरज संपली. १८८८ मध्ये कोडॅकने रोल फिल्मचा कॅमेरा बाजारात आणला आणि धुण्या-छापण्याचे काम दुसऱ्यावर सोपवता येऊ लागले.

या छंदातूनच गिरगाव-दादर पट्ट्यात सिनेमाचा पाया घातला गेला. सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, हे मूळचे फोटोग्राफर. १८९६ मध्ये वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे दाखवली गेली. त्यानंतर सावेदादांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. दादासाहेब फाळकेही मुंबईच्या सर जे.जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले छायाचित्रकार. चित्रपट काढण्याआधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपत एक लघुपट केला. रोज तीच कुंडी, तीच चौकट आणि दिवसागणिक सरकलेले रोप. महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. हे सारे घरच्या घरी, चिकाटीच्या जोरावर झाले. पुढे दादरच्या बंगल्यात घडवलेला ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला.

रोल, डार्करूम आणि क्लब

विसाव्या शतकात छंद मध्यमवर्गापर्यंत आला, पण बेताबेताने. सर्वसाधारण कुटुंबाचे फोटो स्टुडिओतच निघत. बॅलार्ड इस्टेटमधला हॅमिल्टन स्टुडिओ १९२८ मध्ये सर व्हिक्टर ससून यांनी सुरू केला. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या जे. एच. ठक्कर यांचा दादरचा इंडिया फोटो स्टुडिओ सिनेतारकांच्या छायाचित्रांमुळे गाजला. स्वतःचा कॅमेरा घेणाऱ्यांच्या हाती स्वातंत्र्यानंतरच्या काळात बहुधा आग्फाचा ‘क्लिक थ्री’ येई. बडोद्यात तयार होणाऱ्या या पेटीवजा कॅमेऱ्यात १२० नंबरचा रोल बसे आणि त्यात बारा फोटो निघत. शटरचा वेग ठरलेला आणि ऊन-ढगांच्या मोजक्या खुणा असल्याने चुकायला फारशी जागा नव्हती. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ हा देशी रोलही मिळू लागला. हौसेला मोल नसते असे म्हणतात, पण रोल, धुलाई आणि कॉपी यांचे पैसे रोख मोजावे लागत. त्यामुळे सहलीला नेलेला रोल गणपतीपर्यंत पुरवला जाई आणि बटण दाबण्याआधी चौकट नीट पाहण्याची सवय आपोआप लागे.

ज्यांची हौस मोठी, ते घरीच डार्करूम थाटत. वेगळी खोली नसे तेव्हा रात्रीची मोरी त्या कामी येई. फटींना काळा कागद, वर लाल दिवा आणि ओळीने तीन ट्रे असा तो संसार. कृष्णधवल कागदावर एन्लार्जरमधून निगेटिव्हचा प्रकाश पाडायचा आणि कागद डेव्हलपरमध्ये सोडायचा. काही सेकंद तो कोराच राहतो. मग सर्वांत गडद भाग, केस, सावल्या, साडीचा काठ असे आधी उमटतात आणि चेहऱ्याचे करडे रंग मागाहून भरतात. हव्या त्या क्षणी कागद उचलून स्टॉप बाथमध्ये आणि तिथून हायपोत घालायचा, म्हणजे चित्र पक्के होते. शेवटी वाहत्या पाण्यात भरपूर धुवायचे. एखादा कोपरा काळा पडत असेल तर पुढच्या कॉपीवर प्रकाश पाडताना त्यावर हात फिरवून तो अडवायचा आणि फिका राहत असेल तर तिथे जास्त प्रकाश द्यायचा. आज संगणकावरची ‘डॉज’ आणि ‘बर्न’ ही साधने म्हणजे याच हातकामाची नक्कल. रसायनाचे तापमान साधारण २० अंश सेल्सिअस असावे लागते. मुंबईत ते राखण्यासाठी ट्रेखाली बर्फाचे पाणी ठेवावे लागे.

काम एकट्याने होत असले, तरी शिकणे चौघांत होई. १९३७ मध्ये मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन झाली. अशा क्लबांमध्ये सभासद आपापल्या प्रिंट आणत, जाणकार त्यांवर बोलत आणि निवडक चित्रे देशोदेशींच्या सलोंना, म्हणजे प्रदर्शनांना, जात. सुरुवातीचा कल चित्रवत छायाचित्रणाकडे होता. धुके, बैलगाडी, झाडाआडून येणारे किरण आणि मऊ रेषा हे आवडीचे विषय. वृत्तपत्रांमुळे दुसरी धारा आली. जे.जे.त शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी १९३० च्या दशकात मुंबईतल्या सहाध्यायी मुली, सहली आणि रस्ते टिपायला सुरुवात केली. पुढे त्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या. सजवलेली चौकट की घडता क्षण, हा वाद तेव्हापासून चालू आहे. जाणकार हौशी दोन्हीकडून घेतो.

छंद आणि व्यवसाय यांच्यातली भिंतही पातळच राहिली. गौतम राजाध्यक्ष रसायनशास्त्राचे पदवीधर. जाहिरात संस्थेत नोकरी करतानाच ते व्यक्तिचित्रांकडे वळले. ‘फेसेस’ हे त्यांचे पुस्तक १९९७ चे. उद्धव ठाकरे यांनी हेलिकॉप्टरमधून टिपलेल्या गडकोटांचे ‘महाराष्ट्र देशा’ आणि वारीवरचे ‘पहावा विठ्ठल’ ही पुस्तके राजकारणाबरोबर जपलेल्या छंदातून आली.

साधने

आज छंदाची सुरुवात बहुतेकदा मोबाइलवर होते आणि त्यात काही वावगे नाही. चौकट, प्रकाश आणि क्षण या तिन्ही गोष्टी मोबाइलवर शिकता येतात. तो कमी पडतो तो दूरच्या पक्ष्याला, अंधारात हलणाऱ्या माणसाला आणि मोठ्या प्रिंटला. त्या टप्प्यावर कॅमेरा घेणाऱ्यांची पावले सीएसएमटीसमोरच्या बोरा बाजाराकडे वळतात. नव्या-जुन्या कॅमेऱ्यांची, लेन्सची आणि सुट्या सामानाची दुकाने तिथे दाटीने आहेत. चोर बाजारात जुने फिल्म कॅमेरे मिळतात. मात्र घेण्याआधी शटर प्रत्येक वेगाला चालवून आणि लेन्स उजेडासमोर धरून बुरशी तपासणे भाग असते.

सेकंडहँड बॉडी आणि ३५ किंवा ५० मिलिमीटरची एक लेन्स एवढ्यावर गल्लीबोळातले बहुतेक काम भागते. चाळीच्या गॅलरीत किंवा वाडीच्या बोळात मागे सरकायला जागा नसते, तिथे ३५ बरी. अ‍ॅपर्चर, शटरचा वेग आणि आयएसओ यांचे त्रिकूट एकदा हातात बसले की यंत्राची भीती जाते. त्यासाठी जुना ठोकताळा अजूनही उपयोगी आहे. लख्ख उन्हात एफ/१६ ठेवावे आणि आयएसओ जितका, शटरचा वेग साधारण त्याच्या व्यस्तात घ्यावा. म्हणजे आयएसओ १०० ला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग.

प्रकाश आणि हवा

मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस, बरोबर डोक्यावर येतो. उन्हाळ्यातल्या दुपारी सावल्या पायाखाली जातात, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि भिंती पांढऱ्याफटक दिसतात. म्हणून सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा तास मोलाचा. किनारा पश्चिमेकडे असल्याने मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी आणि दादर चौपाटीवर संध्याकाळ साधते. सकाळचे तिरपे ऊन पूर्वेच्या बाजूला, शिवडी, भाऊचा धक्का, माझगाव इथे मिळते. पावसाळ्यात ढगांमधून गाळून येणारा प्रकाश व्यक्तिचित्रांना फार अनुकूल असतो आणि ओला डांबरी रस्ता दिव्यांची प्रतिबिंबे देतो.

रात्रीच्या रंगांचे गणित निराळे. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हचे पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी बसवले, तेव्हा ‘क्वीन्स नेकलेस’ची शान गेली म्हणून शहरात वाद झाला. दिव्यांचा रंग हाही जागेच्या ओळखीचा भाग असतो, हे त्यातून दिसले. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर ठेवला की तो हा रंग पुसून टाकतो. तो ‘डेलाइट’वर ठेवला तर पिवळेपणा टिकतो.

दमट हवा ही लेन्सची शत्रू. बंद बॅगेत, चामड्याच्या जुन्या केसमध्ये पडून राहिलेल्या लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल किंवा ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणारे कपाट हा त्यावर उपाय आहे. कॅमेरा वापरत राहणे हाही एक उपाय. वातानुकूलित खोलीतून किंवा लोकलच्या एसी डब्यातून बाहेर येताच काचेवर वाफ धरते. कॅमेरा थोडा वेळ बॅगेतच राहू दिला तर ती टळते.

विषय : सण, गिरण्या, बाजार, पक्षी

या भागातला सर्वांत मोठा विषय गणेशोत्सव. १८९३ मध्ये गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सुरू झालेला सार्वजनिक गणपती, चिंचपोकळीचा चिंतामणी, गणेश गल्लीचा ‘मुंबईचा राजा’ आणि १९३४ पासूनचा लालबागचा राजा ही त्यातली मोठी नावे. छायाचित्रकारासाठी मात्र उत्सव आधीच सुरू होतो. परळ-लालबागच्या कार्यशाळांत मूर्तीला रंग चढतो आणि शेवटी डोळ्यांची आखणी होते. मूर्तिकार परांचीवर उभा राहून श्वास धरतो आणि ब्रश टेकवतो. त्या क्षणी फ्लॅश उडवू नये, वाटेत उभे राहू नये, आणि आधी परवानगी घ्यावी. पुढे आगमन सोहळे. चिंतामणीच्या आगमनाला इतके कॅमेरे आणि मोबाइल उंचावलेले असतात की मूर्तीपेक्षा हातच जास्त दिसतात. सगळ्यांची चौकट एकच असताना वेगळे काही हवे असेल, तर पाठ मूर्तीकडे करून लोकांचे चेहरे पाहावेत. ढोल-ताशा पथकातल्या मुलीचे फोड आलेले हात किंवा गॅलरीतून वाकलेली आजी तिथेच सापडते.

अनंत चतुर्दशीला लालबागचा राजा सकाळी निघतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगाव चौपाटीवर पोहोचतो. एकाच मिरवणुकीत दुपारचे कडक ऊन, सांजेचा सोनेरी प्रकाश, रात्रीचे दिवे आणि पहाटेची निळाई असे चारही प्रकाश मिळतात. लालबागला श्रॉफ बिल्डिंगवरून होणाऱ्या पुष्पवृष्टीसाठी सेकंदाचा ५०० वा भाग घेतला तर पाकळ्या हवेत थिजतात. ३० वा घेतला तर त्या रेघा होतात. दहीहंडीत थर कोसळतानाचा क्षण, गुढीपाडव्याच्या गिरगावातल्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या बायका, हे विषयही लोकप्रिय आहेत. इतके, की त्यात नवे दाखवणे अवघड झाले आहे.

दुसरा विषय गिरणगावचा. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर परळ-लालबागचे रूप बदलत गेले. गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले आणि काही ठिकाणी फक्त चिमणी उरली. १९२० च्या दशकातल्या बीडीडी चाळींचाही पुनर्विकास सुरू आहे. अशा ठिकाणी एकाच जागेवरून, त्याच कोनातून, दर वर्षी एक फोटो काढण्याची पद्धत फलदायी ठरते. तिला महागडे साधन लागत नाही, चिकाटी लागते. छायाचित्रकार चिरोदीप चौधुरी यांनी मुंबईतल्या सार्वजनिक घड्याळांचा असाच अनेक वर्षे पाठपुरावा केला. राजाबाई टॉवर, सीएसएमटी यांसारख्या प्रसिद्ध घड्याळांबरोबर जुन्या इमारतींवरची, कोणी मान वर करून न पाहिलेली घड्याळेही त्यात आली. एक साधा विषय धरून ठेवला की शहर कसे उलगडते, याचे हे उत्तम उदाहरण.

रोजच्या विषयांत दादरचा फूलबाजार अग्रक्रमावर आहे. पहाटे चार-पाचच्या सुमारास झेंडू, शेवंती आणि गुलछडीच्या ढिगांवर उघडे दिवे टांगलेले असतात. माल उतरवणारे हमाल, भाव करणारे गिऱ्हाईक आणि गजरे ओवणाऱ्या बायका यांची एकच लगबग असते. दिवा जवळ असल्याने चेहऱ्याची एक बाजू उजळते आणि मागे अंधार राहतो. कॅमेऱ्याचे मीटर त्या अंधाराला फसून फोटो जास्त उजळ करते, म्हणून एक्स्पोजर एक पायरी कमी ठेवावे. आयएसओ १६००, एफ/२ आणि सेकंदाचा १२५ वा भाग ही सुरुवात बहुधा जमते.

निसर्गाची आवड असणाऱ्यांसाठी शिवडीची खाडी आहे. १९९० च्या दशकापासून हिवाळ्यात तिथल्या चिखलपट्टीवर रोहित पक्षी उतरू लागले. त्यांचा फोटो घड्याळापेक्षा भरती-ओहोटीच्या कोष्टकावर अवलंबून असतो. ओहोटीला पक्षी दूर पांगतात आणि भरतीचे पाणी चढू लागले की किनाऱ्याकडे सरकतात. २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू शिवडीहूनच निघतो. त्यामुळे गुलाबी थवा आणि काँक्रीटचे खांब एकाच चौकटीत येतात. पक्ष्यांची मोठी संख्या आता ठाणे खाडीत दिसते.

माणसे, कायदा आणि संकेत

रस्त्यावरच्या छायाचित्रणात तंत्रापेक्षा वागणूक महत्त्वाची. खोताची वाडी किंवा गिरगावातली एखादी चाळ ही राहती वस्ती आहे. दारात वाळत घातलेले कपडे आणि ओट्यावर बसलेली म्हातारी माणसे देखाव्याचा भाग नव्हेत. ‘काका, एक फोटो काढू का?’ एवढे विचारले की बहुतेक वेळा होकार येतो. नकार आला तर कॅमेरा खाली करावा. नंतर कॉपी नेऊन दिली तर त्या गल्लीत पुढच्या खेपेला चहा मिळतो.

नौदल गोदीसारख्या निषिद्ध क्षेत्रांत छायाचित्रणाला बंदी आहे आणि ससून डॉकवर परवानगी लागते. ड्रोनसाठी २०२१ ची नियमावली लागू आहे आणि मुंबई पोलिसांचे मनाई आदेशही वेळोवेळी निघतात. विसर्जनानंतर किनाऱ्यावर आलेल्या भग्न मूर्तींचे फोटो काढून पसरवण्यावरही अलीकडच्या वर्षांत पोलिसांनी मनाई केली आहे. स्त्रीचा खासगी क्षणी तिच्या संमतीविना फोटो काढणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. दुसरीकडे, फोटो काढणाऱ्याचेही हक्क आहेत. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार हौशी छायाचित्रकार हाच आपल्या फोटोचा पहिला मालक असतो. हा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी काढलेल्या फोटोला मात्र वेगळा नियम लागू होऊ शकतो.

दाखवणे, निवडणे, जपणे

काढलेला फोटो दुसऱ्याने पाहिल्याशिवाय छंद पुढे सरकत नाही. समाजमाध्यमांवर पसंती झटपट मिळते, पण कुठे चुकले हे कोणी सांगत नाही. त्यासाठी क्लबची मासिक बैठक, स्पर्धेतले परीक्षण किंवा चार मित्रांचा फोटोवॉक अधिक उपयोगी पडतो. १९५२ पासूनची जहांगीर आर्ट गॅलरी आणि तिची टेरेस गॅलरी, एनसीपीएमधले छायाचित्रांसाठीचे पिरामल दालन, १९९९ पासूनचा काळा घोडा महोत्सव इथे इतरांचे काम पाहता येते. प्रदर्शनातली मोठी प्रिंट जवळून आणि मग लांबून पाहणे ही नजर तयार करण्याची चांगली सवय आहे. पद्धतशीर शिक्षण हवे असेल त्यांच्यासाठी सर जे.जे. उपयोजित कला संस्थेत छायाचित्रण हा अभ्यासविषय आहे.

निवड हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे काम. एका मिरवणुकीत हजार फोटो सहज निघतात. पहिल्या फेरीत अस्पष्ट आणि सारखे काढून टाकावेत. आठवड्याने पुन्हा पाहून उरलेल्यांतले दहा ठेवावेत. त्या दिवसाचा उत्साह ओसरल्यावर चांगला फोटो आणि चांगली आठवण यांतला फरक कळतो.

जपणूक दोन प्रकारची. जुन्या अ‍ॅसिटेट निगेटिव्ह दमट, गरम हवेत विघटित होतात. त्यांना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो आणि त्या आक्रसतात. असा वास आला की त्या वेगळ्या काढून लगेच स्कॅन कराव्यात. डिजिटल फोटोंच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर, हा रूढ नियम आहे. त्याबरोबर फाइलमध्ये किंवा प्रिंटच्या मागे ठिकाण, तारीख आणि शक्य असल्यास माणसांची नावे लिहावीत. चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला की गल्ली नुसत्या चित्रावरून ओळखता येत नाही. तळमजल्यावरचे दुकान, समोरचे मंडळ आणि साल लिहिलेले असेल, तर हौसेने काढलेला तोच फोटो पुढे त्या वस्तीच्या इतिहासाचे साधन म्हणून वापरता येतो.